रजेवरचा आजारी आणि एकादशीचे कीर्तन

आजारपणाची रजा घेतलेल्या माणसाने घराबाहेर पडावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. कोणी म्हणेल, यात परमार्थाचा काय संबंध? हापिसातल्या कारकुनाने सोडवावा असला हा प्रश्न! पण वाचक हो, आमच्या माळकरी बंधूंपैकी किती तरी जण आज कारखान्यात पाळीवर जातात. त्यांच्या प्रपंचात हा प्रश्न रोजचा आहे, आणि प्रपंचात जे रोज येते तेथेच परमार्थाची खरी परीक्षा होते.

खेड तालुक्यातील लोटे हे ठिकाण घ्या. मुंबई-गोवा रस्त्यावर, परशुरामाच्या घाटाच्या अलीकडे ही रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिन्ही पाळ्या चालतात. सकाळी अंगावर निळा डगला घालून फाटकात शिरणारा माणूस संध्याकाळी आपल्या वाडीच्या देवळात टाळ घेऊन उभा असतो. कारखाना आणि गाव यांच्यामध्ये पडदा असा नाहीच. म्हणून रजेवरचा मनुष्य देवळात दिसला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या चहाबरोबर ती बातमी कारखान्यात पोचलेली असते.

समजा, अशा एकाच्या कंबरेत गोणी उचलताना उसण भरली. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती लिहून दिली. चौथ्या दिवशी एकादशी आली. शेजारच्या वाडीत कीर्तन. हा हळूहळू चालत गेला, खांबाला पाठ टेकून बसला, हरिनाम ऐकून घरी आला. लगेच चर्चा सुरू : "देवळात दोन तास बसता येते, मग कामावर का येता येत नाही हो?"

हे वाक्य फार लोकांच्या तोंडी असते, आणि ते फसवे आहे. खांबाला टेकून बसणे आणि पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेणे ही दोन कामे एकच आहेत काय? कोणाच्या छातीला वाफांचा त्रास झालेला असतो. त्याला मोकळ्या हवेत फिरणे हेच औषध, आणि कारखान्याच्या त्या खात्यात पाऊल टाकणे हे विष. कोणाच्या हातांची कातडी रसायनाने सोललेली असते. तो टाळ धरू शकणार नाही, पण कान तर शाबूत आहेत! आणि एक प्रकार आमच्या लोकांना अजून नीट कळत नाही, तो मनाच्या आजाराचा. रात्रपाळ्या करून झोप उडालेला, घरात कोणाशी न बोलणारा, उगाच डोळ्यांत पाणी आणणारा मनुष्य असतो. त्याला डॉक्टर स्वतःच सांगतात, चार माणसांत जा, भजनाला बस. तो हसताना दिसला म्हणून खोटा ठरवणे ही केवढी क्रूरता! आजारी माणसाने तोंड पाडून अंथरुणावरच पडले पाहिजे, असा दंडक आपण कोठून आणला?

सरकारच्या कायद्यानेही तो घातलेला नव्हता. 1948 सालच्या कामगार राज्य विमा कायद्यात आजारपणाचा भत्ता घेणाऱ्यावर अटी होत्या. त्याने ठरलेल्या ठिकाणी उपचार घ्यावेत, डॉक्टरांचे सांगणे पाळावे. बरे होण्यास अडथळा येईल असे काही करू नये. उपचार चालू असलेला भाग परवानगीवाचून सोडून जाऊ नये. तपासणीला बोलावले तर यावे. पुढे हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला. पण या अटी पाहा, किती शहाणपणाच्या आहेत! घराबाहेर पडू नये असे त्यांत कोठेच नाही. शेजारच्या वाडीतले कीर्तन त्यांत बसते. न विचारता मुंबईला लग्नाला जाणे बसत नाही. आणि कंबर धरलेली असताना दिंडीत फुगडी घालणे तर मुळीच बसत नाही, मग ती विठोबाच्या नावाने का असेना.

आता दुसरी बाजू. रजा घेणाऱ्याचे काम नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर पडते. लोट्यासारख्या वसाहतीत भट्टी चालू असते, ती सोडून जाता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर आधीच्या पाळीचा अडकतो. त्याला डबल करावी लागते. सलग सोळा तास तो वाफेत उभा राहतो. त्याच्या घरी पोर तापलेले असेल, भाताची लावणी खोळंबलेली असेल. खऱ्या आजाऱ्यासाठी तो हे आनंदाने करील, ती माणुसकीच आहे. पण खोट्या आजाऱ्याने त्याचे आठ तास चोरले, असेच म्हणावे लागेल. मालकाचे काय बुडाले हा हिशेब पुढचा. पहिला हिशेब या सोळा तासांचा.

पैशाचेही तसेच आहे. ज्यांची विम्यात नोंद आहे, त्यांना आजारपणात मजुरीच्या शेकडा 70 इतका भत्ता मिळतो, वर्षात 91 दिवसांपर्यंत. हा पैसा आकाशातून पडत नाही. 1 जुलै 2019 पासून मजुरीच्या दर शंभर रुपयांमागे मालकाचे सव्वातीन रुपये आणि कामगाराचे पाऊण रुपया या निधीत जाऊ लागले. तो पाऊण रुपया आपल्याच शेजारच्याच्या घामाचा आहे. तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते त्याच्या हाती दिली आणि आपल्याच वाट्याची बुडवली, हे किती जण लक्षात ठेवतात? दुसऱ्याच्या वाट्याला हात लावून वैराग्य होत नाही. मग आनंद तरी कसा व्हावा?

मग खरा आजारी आणि खोटा आजारी यांतला भेद बाहेर जाण्या-न जाण्याने कळायचा नाही, तर कशाने? आमच्या मते लपवण्याने. कूर्मदासाची कथा महीपतींनी सांगितली आहे. हातपाय नसलेला तो भक्त पैठणाहून पोटावर सरकत पंढरीला निघाला आणि लऊळापर्यंत पोचला. पुढे जाणे होईना, तेव्हा देव त्याच्याकडे आला. त्याचे पंगूपण सगळ्या वाटेने पाहिले. त्याला काही झाकायचे नव्हते, म्हणून तो उघड्या रस्त्याने गेला. आमचा कंबर धरलेला गृहस्थही देवळात जाताना पाळीवरच्या सोबत्याला आधी सांगू शकतो, "माऊली, उद्या कीर्तनाला जाऊन बसणार आहे. डॉक्टरांना विचारलेय." एवढे बोलायला जीभ अडखळत नसेल, तर तो खुशाल जावो. पण फाटकावरचा कोणी भेटेल म्हणून जो आडवाटेने जातो, त्याची रजा त्याने स्वतःच तपासावी.

याहून अवघड गोष्ट आम्हांला बोलायची आहे, आणि ती आपल्याच मंडळींविषयी आहे. वारीसाठी आजारपणाचा दाखला आणणारे आपल्यात आहेत. गिरणगावात पूर्वी म्हणत की, शिमगा जवळ आला की कोकणातल्या आया तारेने आजारी पडतात. हसण्यावारी नेण्याची ती गोष्ट होती. पण वारी? हिशेब असा आहे. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि दशमीला पंढरीत पोचते. कोकणातून जाणे-येणे धरले तर वीस दिवस हवेत. कामगाराला कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, म्हणजे तीनशे दिवस भरले तर पंधरा. त्यांतच गणपती, त्यातच शिमगा. उरलेले दिवस कोठून आणायचे? येथे तो दाखला जन्माला येतो. ज्या कंत्राटी माणसाला एकही दिवस मिळत नाही, त्याची तर गोष्टच बोलू नये.

ही अडचण खरी आहे, आणि रजा नाकारणाऱ्या मालकालाही तिच्या पापातला वाटा घ्यावा लागेल. तरीही खोट्या दाखल्यावर केलेली वारी आम्हांला मान्य नाही. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही, देवालाच विटेवर उभे केले. अठ्ठावीस युगे जो थांबला, तो आमच्या पाच दिवसांसाठी थांबणार नाही काय? पूर्ण वारी साधत नसेल, तर बिनपगारी रजा मागून पाहा. नाही मिळाली, तर वाखरीच्या रिंगणापासून चाला. तेही जमले नाही, तर आषाढीला आपल्या वाडीतच टाळ धरा. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नव्हता.

चुगली करणाऱ्यांनाही दोन शब्द. देवळात कोण आला याची मोजणी करायला जे येतात, त्यांनी कीर्तनात काय ऐकले ते आम्हांला सांगावे. शंका असेल, तर त्या माणसाकडे जाऊन विचारा, "आता कंबर कशी आहे?" तो खरा आजारी असेल तर त्याला बरे वाटेल, आणि खोटा असेल तर त्याला रात्री झोप लागणार नाही. डॉक्टर मंडळींनीही दाखल्यावर नुसते 'विश्रांती' न लिहिता, काय चालेल आणि काय चालणार नाही, हे दोन ओळींत लिहावे. 'ओझे उचलू नये, चालण्यास हरकत नाही' एवढे कागदावर असले, तर त्या गृहस्थाला देवळाच्या पायरीवर कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणार नाही.