घड्याळाचा देह आणि घड्याळाची गती

सद्भक्तहो, जुनी वस्तू दुरुस्त करताना नेमके काय राखायचे असते? तिचे मूळचे भाग, की तिचे कार्य? प्रश्न कारागिराचा वाटतो. परंतु विचार केला तर तो आपणा प्रत्येकाच्या उंबरठ्यावर उभा आहे. यासाठी माणसाच्या उंचीच्या, लांब लंबकाच्या जुन्या घड्याळाचा दृष्टांत घेऊ.

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. संस्थानी अमदानीत राजवाड्यांत आणि सरदारांच्या वाड्यांत विलायती उभी घड्याळे येत. पुढे वाडे वाटले गेले, दर आठवड्याला किल्ली देणारा हात गेला आणि घड्याळे थांबली. आज एखादा नातू म्हणतो, ‘आजोबांचे घड्याळ चालू करू या.’ त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. पेटी पुसून शोभेला ठेवावी, किंवा आतील यंत्र काढून सेलवर चालणारे बसवावे. पहिल्यात देह आहे, गती नाही. दुसऱ्यात गती आहे, पण ती त्या देहाची नव्हे; लंबक हलतो तो केवळ देखाव्यापुरता. दोन्हीकडे आजोबांचे घड्याळ गेलेलेच.

तिसरा मार्ग कष्टाचा आहे. जाणता कारागीर यंत्र उघडतो. आत पितळी चाके असतात आणि त्यांत गुंतलेली लहान पोलादी चाके. मऊ पितळ आधी झिजेल असे आपणांस वाटते. पण पुष्कळदा पोलादच आधी खाल्लेले दिसते. धूळ मऊ पितळेत रुतून बसते आणि कानशीप्रमाणे पोलादाला घासत राहते. मन मऊ असावे हे खरेच. परंतु त्यात काय रुतू द्यायचे याचे भान नसेल तर शेजारचा कणखर माणूसही आपल्यामुळे झिजतो.

तेलाचेही तसेच. घड्याळ अडले की लोक तेल ओततात. वास्तविक तेल लागते ते कण्यांच्या टोकांना आणि चाक अडवून सोडणाऱ्या नांगराला, तेही थेंबभर. चाकांच्या दात्यांना ते लावायचेच नसते. जादा तेल ओघळते, धूळ धरते आणि घासण्याचे साधन होते. कण्यांची भोके झिजून लांबट झाली असतील तर कारागीर पूर्ण पत्रा बदलत नाही. तेवढ्याच जागी पितळेचे नवे बुश बसवतो. जेवढे बिघडले तेवढेच बदलावे, हा या कायकाचा पहिला नियम.

दुसरा नियम प्रामाणिकपणाचा. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे एक मीटर लांब असतो. त्याची दांडी पोलादी असेल तर उष्णता एक अंश सेल्सियसने वाढताच घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. माळव्यातील थंडीची पहाट आणि वैशाखातील दुपार यांत तीस अंशांचे अंतर धरले, तर हा फरक पंधरा सेकंदांचा होतो. हा दोष नव्हे, पोलादाचा स्वभाव आहे. तो लपवायचा नसतो. ओळखून लंबकाखालची चाकी किंचित फिरवायची असते.

येथे कोणी विचारील, मग खरी वेळ कोणती? सूर्य पाहू गेल्यास धारची वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटे मागे, आणि देवासची सुमारे २६ मिनिटे. प्रमाणवेळ १९०६ साली आली. त्यापूर्वी गावोगावी स्थानिक वेळ पाळली जाई. काटे पुढे सरकवले म्हणून जुने घड्याळ खोटे ठरले काय? नाही. काटे कोठे ठेवायचे हे समाज ठरवतो. चाल सारखी राखणे हे घड्याळाचे व्रत आहे. रूढी बदलतात, व्रत बदलत नाही.

याच धारानगरीच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ११व्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. यंत्रकारास परंपरा, गुरूचा उपदेश, शास्त्राभ्यास, हातचे कौशल्य आणि बुद्धी हवी, असे तो सांगतो. मात्र यंत्रांची घडण मुद्दाम गुप्त ठेवल्याचेही तोच ग्रंथ म्हणतो. झाकलेली विद्या जाणत्याबरोबर संपते. १२व्या शतकात शरणांनी आपला अनुभाव लोकांच्या भाषेत उघड मांडला, म्हणूनच तो आपणांपर्यंत आला. म्हणून घड्याळजीने काय बदलले, केव्हा बदलले हे लिहून ठेवावे, काढलेला भाग पेटीतच जपून ठेवावा आणि हे काम एखाद्या तरुणाला शिकवावे. उद्या बरेच भाग नवे झाले तरी ही नोंद आणि हा शिष्य असेतो घड्याळ तेच राहील.

स्थावर आणि जंगम यांचा भेद बसवण्णांनी आपणांस शिकवला. घड्याळ हे मोठे बोलके उदाहरण आहे; दिसते स्थावर, पण त्याचा प्राण जंगम. देहाची हेळसांड नको, कारण गती त्याच्याच आश्रयाने राहते. परंतु गती गमावून देहाची पूजाही नको. आपल्या घरात पूर्वजांचे काय काय शोभेला उभे आहे, आणि कशात आपण परके यंत्र बसवून तेच जुने म्हणून मिरवीत आहोत, हे सद्भक्तांनी एकदा पेटी उघडून पाहावे. किल्ली देण्याचा वार मात्र चुकवू नये.

शरणू शरणार्थी.