तीन कुत्री आणि एक ओसरी

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. परंपरा त्यांना चार वेद मानते. आमच्या दोंडाईच्याहून तापीकाठचं सारंगखेडा जवळच, तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेला आम्ही दरसाल जातो. तरी घरातल्या तीन कुत्र्यांनी कुठे झोपावं यावर सासूबाईंचं नि माझं पटत नाही. त्यांच्या सोवळ्याचा मान राखून देवघराकडे कुत्रं जाऊ देत नाही. ओसरी मात्र तिघांची.

गीतेच्या पाचव्या अध्यायात, 18व्या श्लोकात, समदृष्टी सांगताना कुत्र्याचा उल्लेख स्पष्ट येतो. पण सम म्हणजे तिघांना सारखी जागा का? चंपी म्हातारी, सांधे धरलेली. तिला भिंतीकडेची जाड गोधडीच लागते. मोत्याला दारातली उघडी फरशी हवी, तिथून रस्ता दिसतो. पिल्लाला गव्हाचं रिकामं पोतं दिलंय. (मिरचीचं पोतं आमच्या गावात हवं तेवढं मिळतं, पण त्यावर कुत्रं शिंकून बेजार होतं.) गव्हाचं पोतं सोडून पिल्लू गोधडीत घुसायला बघतं. चंपीचा एका बाजूचा ओठ वर जातो, दात दिसतात, आवाज अजून नाही. पिल्लू थबकतं, मागे सरकतं नि मोत्याच्या पाठीला जाऊन टेकतं. त्या ओठासाठी मी चंपीला कधी रागवत नाही. ती जागा तिची आहे, आणि झोप तिघांचीही सारख्याच मोलाची.

सासूबाईंना मी विचारते, दत्ताजवळ चार चालतात, मग आपल्याकडे तीन का नकोत? त्या म्हणतात, देवाचं वेगळं. मला ते वेगळं वाटत नाही.