फवारणीआधी मोजणी

कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना औषधांच्या मात्रा पाठ करण्याआधी मोजायला शिकावं लागतं. कपाशीच्या शेतात तिरपं चालत जायचं, वीस-पंचवीस झाडांपाशी थांबायचं, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटून बघायचं. पानामागे दोन-तीन तुडतुडे भरेपर्यंत फवारणी नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की मग औषधाचा विचार. ही आर्थिक नुकसान पातळी. कीड तिच्या खाली असताना फवारलं, तर वाचलेल्या कापसापेक्षा औषध आणि मजुरीच महाग पडते. शिवाय मावा खाणारा ढालकिडा आणि बोंडअळीच्या अंड्यावर वाढणारी ट्रायकोग्रामाची इवलीशी गांधीलमाशी त्या फवाऱ्यात आधी मरतात.

समोर कीड दिसत असताना हात आवरायचा! मला या अभ्यासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, आणि कर्ज काढून पेरलेल्या माणसासाठी हेच सर्वांत अवघड. २०१७ च्या हंगामात बोंडअळीपासून वाचण्यासाठीच पेरलेल्या बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळीने थैमान घातलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेली दाट कपाशी, एकत्र कालवलेली औषधं, तोंडाला जेमतेम रुमाल. शिवारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

म्हणून शेवटच्या वर्षीचा गावातला कार्यानुभव मला परीक्षेहून मोठा वाटतो. तिथे बांधावरून सल्ला देऊन भागत नाही. निंदणाऱ्या बायांसोबत ओळीतून चालावं लागतं. पाकळ्या न उलगडता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, म्हणजे डोमकळी, त्यांच्या नजरेस चटकन पडते. ती अळीसकट तोडून नष्ट केली तर त्या कामाला औषधाची बाटली लागत नाही. पुढे वेचणी संपल्यावर फरदड, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देणारी तीच जुनी कपाशी, ठेवू नका म्हणायचं, तर दोन-चार क्विंटल कापसावर पाणी सोडायला सांगतोय याचं भान हवं. तेव्हा ओट्यावर बसून, त्या कापसाचे किती येतील आणि पुढच्या हंगामात अळीपायी किती जातील, हा हिशेब शेतकऱ्याच्याच वहीत मांडावा.