को जागर्ति ?

आश्विनांतल्या पौर्णिमेच्या रात्रीं लक्ष्मी पृथ्वीवर उतरते आणि ‘को जागर्ति’, कोण जागें आहे, असें विचारीत दारोदार फिरते, अशी आपल्याकडे समजूत आहे; कोजागरी हें नांवहि त्या प्रश्नावरूनच पडलेलें. गेल्या कोजागरीस आम्ही अलिबागजवळच्या थळ गांवीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं होतों. अंगणांत चांदणें पडलें होतें, चुलीवर दूध आटत होतें, समोर समुद्रांत खांदेरीचा दिवा ठराविक वेळानें उघडझांप करीत होता. मंडळी पत्ते खेळत जागत होती. आणि जिनें आम्हां सर्वांना आग्रहानें बोलावलें होतें ती घरची सूनच अकराच्या सुमारास ओटीवरच्या खांबाला टेकून गाढ झोपीं गेली. तिला कोणी हांक मारली नाहीं. तिची अकरा वर्षांची मुलगी मात्र जागी होती. दुधाचा पेला हातीं घेण्यापूर्वीं तिनें कमरेच्या एका लहानशा यंत्रावर कांहीं आंकडे दाबले, आणि मग इतर मुलांच्या बरोबरीनें दूध प्यायली.

मुलीच्या आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सर, आमच्या वेळीं सहावीच्या रात्रीं घरांत कोणी डोळ्याला डोळा लावीत नसे. आतां यंत्र जागतंय, आणि आई निजलीय.”

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, दुखावलेपणा होता. तें वाक्य पुढें पुष्कळ दिवस आमच्या मनांतून गेलें नाहीं.

वाचकांना हा प्रसंग नीट कळावा म्हणून त्या मुलीच्या रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. घरोघरच्या वडीलधाऱ्यांमुळें आपल्या ओळखीचा झालेला मधुमेह तो हा नव्हे. यांत शरीराची संरक्षक शक्तिच स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मग पथ्यानें वा गोळ्यांनीं भागत नाहीं. इन्शुलिन जन्मभर बाहेरून द्यावें लागतें. तें कमी पडलें तर साखर चढते. थोडें अधिक झालें तर ती उतरते, आणि फार उतरली तर मूल बेशुद्ध पडतें, त्याला झटके येतात, क्वचित् प्राणावरहि बेततें. दर १०० मिलिलिटर रक्तांत ७० मिलिग्रॅमच्या खालीं साखर गेली कीं सावध व्हावयाचें, ५४ च्या खालीं गेली कीं प्रसंग गंभीर समजावयाचा. दिवसां मुलाला घाम फुटतो, हात कांपतात, तें स्वतःच सांगतें. झोपेंत मात्र शरीराच्या या खुणा मंदावतात. मूल निजलेलेंच राहतें आणि साखर उतरत जाते. म्हणून या मुलांच्या आया रात्रीं उठतात. ही मुलगी पांच वर्षांची असतांना तिला रोग जडला. तेव्हांपासून तिची आई बाराला, दोनला आणि चारला उठून, निजलेल्या पोरीचें बोट टोंचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेत आली होती. सहावीचें जागरण एका रात्रीचें असतें. या बाईंनें तें पांच वर्षें केलें.

गेल्या वर्षीं त्या घरीं यंत्र आलें. दंडावर चिकटवलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवांतली साखर दर पांच मिनिटांनीं मोजतो. कमरेचा पंप बारीक नळीवाटे इन्शुलिन सोडतो. आणि या दोहोंमध्यें एक गणित चालूं असतें, तें साखर उतरण्याचा रोंख दिसतांच इन्शुलिन आंखडतें व चढूं लागली कीं सैल सोडतें. दिवसां यंत्राला माणसाची मदत लागते, कारण मुलीनें काय खाल्लें हें त्याला कोणीतरी सांगावें लागतें. दुधापूर्वींचे ते आंकडे याचसाठीं होते. रात्रीं कोणी जेवत नाहीं, पळत नाहीं. त्यामुळें हें गणित सर्वांत चांगलें साधतें तें रात्रीं.

या रोगाच्या इतिहासांत पहिली मोठी तारीख ११ जानेवारी १९२२ ही होय. त्या दिवशीं टोरोंटो येथें लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन मिळालें. त्यापूर्वीं अशा मुलांना उपाशी ठेवून कांहीं महिने अधिक जगविणें एवढाच उपचार होता. तेथून रात्रीच्या यंत्रापर्यंत यावयास नव्वद वर्षें लागलीं. २०१३ सालीं इस्रायल, स्लोव्हेनिया व जर्मनी येथील मधुमेही मुलांच्या शिबिरांत ५६ मुलांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. यंत्राच्या स्वाधीन असलेल्या रात्रीं साखर ६३ च्या खालीं जाण्याचे प्रसंग ७ आले, नेहमींच्या पंपाच्या रात्रीं २२. तीन वर्षांनीं, २०१६ च्या सप्टेंबरांत, अमेरिकेच्या नियामक खात्यानें आपण होऊन इन्शुलिन कमीजास्त करणाऱ्या अशा पहिल्या यंत्राला परवानगी दिली. पण आम्हांला या साऱ्या हकीकतींत अधिक लक्षांत राहिले ते बोस्टन विद्यापीठांतील एडवर्ड डॅमियानो. त्यांच्या मुलाला वर्षाचा होण्यापूर्वींच हा रोग झाला. रात्रीं उठून मुलाची साखर तपासतां तपासतां या बापानें असें यंत्र घडविण्यास आपली विद्या वाहिली, आणि त्यांच्या यंत्राला मान्यता मिळाली ती २०२३ च्या मे महिन्यांत. मूल तोंवर मोठें झालें होतें. म्हणजे, यंत्राला माया नसते हें खरें धरलें तरी, हें यंत्र मायेशिवाय झालें आहे असें म्हणतां येत नाहीं.

तरीहि आजींचा आक्षेप एवढ्यानें निकालांत निघत नाहीं. आम्ही आठ वर्षांचे असतांना विषमज्वरानें तीन आठवडे अंथरुणाला खिळलों होतों. वीज पुष्कळदां नसे. कंदिलाची वात बारीक करून आमची आई उशाशीं बसलेली असे. आम्हांला बरें केलें तें डॉक्टरांच्या औषधानें, हें आम्ही जाणतों. पण मध्यरात्रीं डोळे उघडावेत आणि तो चेहरा दिसावा, याची किंमत कोणत्या हिशोबांत धरावयाची ? जागरण हें नुसतें साधन नसतें, तें एक बोलणेंहि असतें, असें आजींना म्हणावयाचें असावें. आणि तेवढें आम्ही मान्य करतों.

परंतु या मुलीची गोष्ट वेगळी आहे. आम्ही तापांत जागे होत होतों; ती निजलेली असे. आमच्या वांट्याला चेहरा आला, तिच्या वांट्याला सुई. आईच्या जागरणापैकीं तिला प्रत्यक्ष काय मिळे, तर बोटाची टोंचणी आणि सकाळीं निद्राहीन आईचा चिडखोरपणा. “आई आतां सकाळीं ओरडत नाहीं,” असें त्या पोरीनें आम्हांला अगदीं सहज सांगितलें. गेल्या मे महिन्यांत ती आयुष्यांत प्रथमच मुरूडला आजोळीं आईवांचून चार रात्री राहून आली. गीतेंत अति निजणाऱ्याप्रमाणें अति जागणाऱ्यालाहि योग साधत नाहीं असें सांगितलें आहे. संसार साधणें योगाहून सोपें आहे असें आम्हांला तरी वाटत नाहीं.

आम्ही त्या रात्रीं खांदेरीच्या दिव्याकडे पाहत होतों. तें दीपगृह १८६७ सालचें. त्या काळच्या दीपगृहांत माणसानें रात्रभर जागून तेल पाहावें, काजळी काढावी, दिवा फिरविणाऱ्या यंत्राला चावी द्यावी, अशी रीत असे. पुढें वीज आली आणि दिव्यामागचें हें जागरण संपत गेलें. थळच्या कोळ्याला होडी आणतांना दिवा दिसण्याशीं काम असतें. त्यामागें कोणी जागें राहून शिणलें कीं नाहीं हें तो विचारीत नाहीं, आणि तो कृतघ्न आहे असें कोणी म्हणत नाहीं. कोणी म्हणेल, आई म्हणजे दीपगृहाचा नोकर नव्हे. बरोबर आहे. नोकराची पाळी तरी बदलते.

खरा कठीण प्रश्न आजींनीं विचारला नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं आईनेंच विचारला. चहाचा कप आमच्यापुढें ठेवून ती म्हणाली, “सर, मी जागी असतांना चुकलें असतें तर लोक म्हणाले असते, नशीब. आतां झोपेंत कांहीं झालं तर म्हणतील, आई झोपली होती. आणि मीहि तेंच म्हणेन.” नीतिशास्त्रावर पंचवीस वर्षें व्याख्यानें देऊनहि आम्हांला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

आज आम्हांला असें वाटतें कीं, यंत्र श्रम घेतें, जबाबदारी घेत नाहीं; पण जबाबदारीची वेळ बदलतें. पूर्वीं ती रात्रीं दोनला होती, आतां ती संध्याकाळीं सातला आहे. पंपांत इन्शुलिन पुरेसें आहे काय, नळी मुडपली नाहीं ना, सेन्सरची मुदत संपली नाहीं ना, उशाशीं साखरेचा पुडा आहे ना, हें पाहून निजलेली आई निष्काळजी नव्हे. पुडा लागतोच, कारण हें यंत्र इन्शुलिनचा हात आंखडूं शकतें, साखर भरवूं शकत नाहीं. त्यानें घंटा वाजवली कीं कोणाला तरी उठावेंच लागतें. तें कोणी आजहि आईच असते, क्वचित् बाप. (आमच्या विद्यार्थ्याला ही घंटा ऐकूं येत नाहीं, असें त्याचें म्हणणें आहे. आम्ही त्यावर आमचें मत दिलें.)

आणि जुनी विद्या टाकूं नये. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, मुरूड-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलहि मुके झाले होते. त्या दिवसांत या घरानें मुलीच्या इन्शुलिनच्या कुप्या पाण्यानें भिजवलेल्या मातीच्या भांड्यांत थंड ठेवल्या, आणि सुई व पट्टी यांवर ती मुलगी सुखरूप राहिली. ती सुई, ती पट्टी व तें भांडें घरांत अजून आहे, हें पाहून आम्हांला बरें वाटलें. मुलीलाहि त्यांचा उपयोग शिकवला आहे, हें त्याहून बरें. कारण शरीर तिचें आहे, आणि उद्यां कॉलेजांत गेल्यावर तिची रात्र तिलाच सांभाळावयाची आहे.

मग आईनें स्वतःला दोष द्यावा काय ? जें जागरण मुलाला वांचविण्यास लागत होतें तें करणें तिचें कर्तव्य होतें. तें लागेनासें झाल्यावरहि चालूं ठेवणें हें, आमच्या मतें, कर्तव्य नव्हे. ती भीति आहे, आणि भीतीला मायेचा मान देऊं नये. असें आम्ही तिला पत्रानें कळविलें. तिचें उत्तर दोन ओळींचें आलें : पटतें, पण दोनला जाग येतेच, मोबाइलवरचा आंकडा पाहते आणि पुन्हां निजते.

येथें लेख संपला असता, पण त्या घरापासून हांकेच्या अंतरावर कोळीवाड्यांत त्याच रोगाचा नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. यंत्राची किंमत लाखांच्या घरांत, आणि सेन्सरचा खर्च दर महिन्याचा. त्या घराला तें शक्य नाहीं. १९२२ पूर्वीं असें मूल दगावलें तर तें दुर्दैव होतें. उपाय नव्हता, म्हणून दोष कोणाचा नव्हता. उपाय निघाला आणि तो कांहीं उशांपर्यंतच पोंचला, कीं त्या दुर्दैवाचें नांव बदलतें. आम्ही सुशिक्षित मंडळी ‘यंत्रानें मातृत्व कमी होतें काय’ यावर खुशाल वाद घालतों. ज्या बाईला तो वाद घालण्याची सोयच नाहीं तिच्याविषयीं आमच्या नीतिशास्त्रांत एखादें प्रकरण असावयास हवें होतें. टोरोंटोच्या संशोधकांनीं इन्शुलिनचा हक्क विद्यापीठाला प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकला, ही गोष्ट आम्ही वर्गांत दरवर्षीं मोठ्या अभिमानानें सांगत आलों आहों. यंत्रांच्या बाबतींत तशी गोष्ट सांगतां येत नाहीं, आणि सरकारनें वा समाजानें ही उणीव भरून काढावी असा आग्रह आमच्यासारख्यांनीं फारसा धरलेलाहि नाहीं.

थळच्या सुनेनें उरलेल्या सर्व पट्ट्या कोळीवाड्यांतल्या त्या बाईला नेऊन दिल्या. एका पट्टीला दहा-वीस रुपये पडतात, तेव्हां ती बाई त्या जपून वापरते, आणि बाराचें व चारचें टोंचणें सोडून देते. दोनचा गजर मात्र तिनें अजून लावून ठेवला आहे.