देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हक्क

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसमोर रांग लागते. रांगेत बहुतेक बायाच. टेबलामागे आम्ही कमिटीची माणसे, सगळे पुरुष. पिशवीत साखर, तेल, खजूर आणि शेवया. पिशवी देताना क्षणभर थांबायचे, कारण समोर कोणीतरी मोबाइल धरून उभा असतो. देणगीदाराला फोटो पाठवायचा असतो ना!

त्या टेबलामागे मी कित्येक वर्षे उभा राहिलो आणि घरी जाऊन शांत झोपलोही. एका वर्षी एक खाला पिशवी घेऊन बाजूलाच घुटमळत राहिल्या. मला वाटले, काही कमी पडले असेल. विचारले तर म्हणाल्या, "शेवया तर मीच करून विकते की, गुरुजी. या पिशव्या वाटल्यावर आता माझ्याकडनं कोण घेणार?"

मला उत्तर सुचले नाही. आम्ही घाऊक बाजारातून शेवया आणल्या होत्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून खूशही होतो. ज्या बाईचा ईदचा धंदा आम्ही बुडवला तिलाच त्या शेवया वाटून आम्ही सवाब मोजत होतो. तिला काय हवे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. विचारण्याची गरज आहे, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

जकात म्हणजे खैरात नव्हे, हे आपण जुम्म्याच्या बयानात दरवर्षी ऐकतो. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा धनवानाच्या मालात हक्क आहे, असे कुरआन सांगते. शेकडा अडीच टक्के ही माझी मेहेरबानी नाही, ते माझ्याकडे राहिलेले दुसऱ्याचे देणे आहे. हजरत मुआज यांना यमनला पाठवताना पैगंबरांनी जी सूचना दिली, तिच्यातले क्रियापदसुद्धा लक्षात घेण्यासारखे आहे. तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायचे आणि तिथल्याच गरिबांना 'परत' करायचे. उसने घेतलेले परत करताना कोणी फोटो काढतो का?

आपल्या फुकहांनी तर याहून पुढची गोष्ट सांगून ठेवली आहे. हनफी फिकहमध्ये जकात अदा होण्यासाठी 'तमलीक' लागते. म्हणजे घेणाऱ्याला त्या मालाचा पूर्ण मालक करायचे. म्हणूनच जकातीच्या पैशातून मशीद बांधता येत नाही, पूल बांधता येत नाही. इमारत कोणा एका गरिबाच्या मालकीची होत नाही. पैसा एकदा हातातून गेला की त्याचे काय करायचे हे सांगण्याचा देणाऱ्याला अधिकार उरत नाही. संपत्तीबरोबर सत्ताही सोडून द्यायची, असाच याचा अर्थ मला लागतो.

पण आपण पळवाटा काढण्यात हुशार. 'हीला-ए-तमलीक' नावाची एक युक्ती अनेक ठिकाणी चालते. जकातीची रक्कम एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हातात ठेवायची, त्याने ती लगेच संस्थेला 'राजीखुशीने' द्यायची आणि मग तिच्यातून संस्थेने हवा तो खर्च करायचा. कागदावर सगळे दुरुस्त. त्या पोराच्या हातात पैसे किती वेळ राहिले, हे विचारायचे नाही! आमच्या पिशवीबद्दल इमामसाहेब म्हणाले की पिशवी दिली तरी तमलीक होते. फिकहच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मात्र साखर की मशीन, तेल की औषध, हा निर्णय मालक होण्याआधीच दुसऱ्याने घेऊन टाकलेला असतो, त्याचे काय?

वक्फची गोष्ट निराळी आहे. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा मूळ जमीन राखून ठेवून उत्पन्न गरजूंसाठी द्यावे, असा सल्ला त्यांना पैगंबरांनी दिला. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. योजना उत्तम. पण इथे वाकिफची शर्त मानावी लागते आणि कारभार मुतवल्लीच्या हाती जातो. ज्यांच्यासाठी ही मालमत्ता, त्या विधवा आणि यतीम या व्यवहारात कुठेच बसलेल्या नसतात. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, सुमारे ६ लाख एकर जमीन आणि वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये. नीट कारभार झाला तर ते १२,००० कोटींपर्यंत जाऊ शकेल, असा तिचा अंदाज होता. त्यानंतर २०१३ साली कायदा बदलला, पुन्हा २०२५ साली बदलला, मोर्चे निघाले, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काही तरतुदींना अंतरिम स्थगितीही दिली. सरकारचा हात किती असावा, यावर समाज पोटतिडकीने भांडला आणि भांडायलाच हवे होते. पण शेवया विकणाऱ्या खालांना हिशेब पाहण्याचा हक्क असावा की नाही, यावर मी एकही मोर्चा पाहिला नाही.

अखेर आम्ही आमच्यापुरते थोडे करून पाहिले. पिशव्या बंद केल्या. रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांपैकी दोघींना कमिटीत घेतले, त्यात त्या खालाही होत्या. जकात रोख द्यायची आणि यादी त्यांनी ठरवायची. एक-दोन देणगीदार नाराज होऊन निघून गेले. पहिल्याच बैठकीत त्या दोघींनी यादीतली तीन नावे कापली. त्यातले एक माझ्या दूरच्या नातेवाइकाचे होते, आणि त्याला गरज नव्हती हे मलाही ठाऊक होते.

दुसऱ्या वर्षी मात्र माझी खरी परीक्षा झाली. एका मुलीच्या कॉलेजची फी भरावी, असे मी मांडले. पोरगी हुशार. दोघी म्हणाल्या, पैसे तिच्या आईच्या हातात द्या, ती ठरवेल. आईने ते पैसे मोठ्या लेकीच्या लग्नात घातले. मला फार वाईट वाटले, अजून वाटते. तीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार? पुढच्या बैठकीत मी म्हणालो, निदान फीचे पैसे तरी थेट कॉलेजात भरू. खाला माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे परत पिशवीच की, गुरुजी."

तो विषय तेव्हा तसाच राहिला. या रमजानला पुन्हा निघेल.