खळ

डोंबिवलीच्या आमच्या घरी कात्रणांची एक जाडजूड वही आहे. बाबांनी ती डिसेंबर १९७१ मध्ये सुरू केली. तेव्हा आई-बाबा कल्याणला चाळीत राहायचे. जवळच अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे ब्लॅकआउट कडक. आईनं मैद्याची खळ शिजवून खिडक्यांना काळे कागद लावले. वाटीत उरलेल्या खळीनं बाबांनी पहिलं कात्रण चिकटवलं, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याचं. एवढी मोठी लोकशाही पाकिस्तानच्या याह्याखानाच्या पाठीशी उभी राहते, हे दुःख बाबांना कायमचं लागून राहिलं. पुढच्या वर्षी हनोईवर ऐन नाताळात झालेले बॉम्बहल्ले, मग १९९१ चं आखाती युद्ध, सगळं त्या वहीत आहे.

ताई १९९६ साली न्यू जर्सीला गेली. १५ फेब्रुवारी २००३ ला न्यू यॉर्कमध्ये इराकवरच्या होऊ घातलेल्या युद्धाविरुद्ध लाखो लोक जमले, त्यात ती होती. गोठवणाऱ्या थंडीत उभी राहिली, घरी पोचल्या पोचल्या तिनं फोन केला. सोमवारी लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसंबसं टेकून बाबांनी साऱ्या ग्रुपला ती हकीकत ऐकवली.

बार्बरा ली हे नावही आम्हाला ताईकडूनच कळलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांत अध्यक्षांना लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात आला. बाजूनं ४२० मतं पडली, विरोधात एक. ते एक मत या बाईंचं. त्यांच्या पक्षातलंही दुसरं कुणी त्यांच्याबरोबर नव्हतं. बाबांनी ते कात्रण चौकट आखून लावलंय.

२००८ ला ताईनं तिथली नागरिक म्हणून पहिलं मत दिलं, ओबामांना. आम्ही इकडे पेढे वाटले.

डिसेंबर २०१३ मध्ये ती मुलाला घेऊन आली. भाचा सोळा वर्षांचा. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. एका दुपारी तो वही घेऊन बसला. बाबा प्रत्येक कात्रणाखाली इंग्रजी आकड्यांत तारीख घालतात, तेवढीच तो वाचत चालला होता. मग थांबला.

"आजोबा, २००८ नंतर सगळी पानं कोरी का? वॉर संपलं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या आईचा फोन आला की मी कात्री घ्यायचो. पुढे त्या विषयावर तिचा फोन आला नाही."

ताई डाळ निवडत होती. तिचा हात थांबला. "बाबा, माणूस आपला वाटत होता. तो करतोय म्हणजे विचार करूनच करत असणार, असं धरून चालले मी."

भाच्यानं मग येमेनमधल्या एका मुलाचं सांगितलं. अब्दुलरहमान अल-अवलाकी. जन्म डेन्व्हरचा. वडील अल-कायदाचे, त्यांना आधी मारलं होतं. दोन आठवड्यांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, हा मुलगाही ड्रोनच्या हल्ल्यात गेला. तो लक्ष्य नव्हता, असं अमेरिकेच्या सरकारनं नंतर सांगितलं.

"माझ्याएवढाच होता, आजोबा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताईनं वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. १९७२ च्या पुढच्याच पानावर १९९१ होतं.

"बाबा, श्रीलंकेत आपली शांतिसेना होती ना? १९८७ ते ९०. त्याचं एकही कात्रण नाही?"

मी ती वही लहानपणापासून हाताळलेली. मजकूर वाचायचो, तारखांकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"आपली पोरं मरत होती गं तिथं," बाबा म्हणाले. "अकराशेच्या वर गेली. मग जाफन्याच्या रुग्णालयाचं वाचलं. डॉक्टर, नर्सा, पेशंट मारले, असा आरोप आपल्याच सैन्यावर. मी पेपर मिटला. कात्री घ्यायला हात झाला नाही."

बाबा आणि ताई, दोघांवर माझा फार जीव आहे. त्या दुपारी तो तसूभरही कमी झाला नाही, उलट त्यांची काळजी वाटू लागली. एवढी सरळ माणसं, आणि त्यांच्याही हातून पानं सुटलेली.

फेब्रुवारीत न्यू जर्सीहून पाकीट आलं. आत त्या मुलाच्या बातमीची प्रिंट, खाली ताईच्या अक्षरात तारीख, आणि आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याला तिनं पाठवलेल्या पत्राची प्रत. बाबाही तोवर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करून आले होते, ८७ सालचे पेपर बघायला मिळतील का म्हणून. मिळेपर्यंत थांबायला नको, म्हणून आठवलं तेवढं त्यांनी दोन फुलस्केपांवर स्वतःच लिहून काढलं होतं.

ताईच्या कागदांना शेवटी कोरी पानं होतीच. १९७२ आणि १९९१ च्या मध्ये मात्र जागा नव्हती. शिवणीला बोटभर पट्टी तेवढी सापडली. तिथं कड चिकटवून कागद घडी घालून आत बसवायचा, असं ठरलं.

आईनं वाटीत खळ आणून ठेवली, गरम होती.

"आधी ८७," बाबा म्हणाले.