थांबणाऱ्याचा निर्णय

पोलादपूर मागे पडलं की दक्षिणेला कशेडीचा घाट सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्गावरची पुष्कळशी वाहतूक आता नव्या बोगद्यातून जाते. वळणं टळली, रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेगही वाढला. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ असो वा एरवी रात्रभर चालणारी ट्रकची ये-जा, या रस्त्यावर कुत्री गाडीखाली येतातच. काही जागच्या जागी संपतात. काहींची मात्र सुटका होत नाही. कंबर मोडलेली असते, मागचे पाय निकामी झालेले असतात, तरी पुढच्या पायांवर फरफटत ती रस्त्याच्या कडेला येतात आणि तिथे तासन्‌तास जिवंत राहतात. अशा कुत्र्याजवळ जो थांबतो, त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. याला असंच राहू द्यायचं की सोडवायचं? सोडवायचं तर तो अधिकार कुणाचा?

आपल्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न पडत नाही, कारण आपण थांबतच नाही. पुढे निघून गेलेल्या माणसाला वाटतं की आपण कुणाचा जीव घेतला नाही, म्हणजे आपले हात स्वच्छ आहेत. मला हे पटत नाही. त्या जनावराने पुढचे सहा तास कसे काढायचे, हे आपण न थांबून ठरवलेलंच असतं. फक्त तो निर्णय आपला आहे, हे आपण मान्य करत नाही.

इथून जवळच, महाड तालुक्यात रायगड आहे. गडावर शिवाजी महाराजांच्या समाधीसमोर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत या कुत्र्याने उडी घेतली, अशी आख्यायिका आहे. १९३६ साली उभारलेल्या या पुतळ्यावरून वाद आहे. समकालीन कागदपत्रांत वाघ्याचा आधार नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. २०१२ साली पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. तो वाद इतिहासाच्या अभ्यासकांनी सोडवावा. मला एवढंच जाणवतं की माणसासाठी जीव देणारा कुत्रा आपल्या मनाला फार लवकर भिडतो. महाभारतात याची दुसरी बाजू आहे. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्राचा रथ समोर उभा असतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. ज्याने आपला आसरा धरला त्याला टाकणं हे पाप आहे, असं त्याचं म्हणणं असतं. कुत्र्याने आपल्यासाठी काय केलं, हे वाघ्याची कथा सांगते. आपण त्याचं काय देणं लागतो, हे युधिष्ठिर सांगतो. घाटातल्या त्या मोडलेल्या जिवापाशी पहिली कथा उपयोगाची नाही. तिथे युधिष्ठिराचीच परीक्षा आपल्याला द्यायची असते.

आसरा धरलेल्याला टाकायचं नाही, म्हणजे त्याला कधीच मरू द्यायचं नाही का? १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. उपचारांची शर्थ झाली होती, त्याला कूस बदलणंही जमत नव्हतं. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून, स्वतः समोर उभं राहून त्याला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. अहिंसेचा पुरस्कर्ता वासराला मारतो म्हणून देशभर खळबळ उडाली, संतापाची पत्रं आली. गांधीजींनी ती घटना लपवली नाही, स्वतः लिहून लोकांपुढे ठेवली. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही दोन मतं असू शकतात. पण तो त्यांनी ज्या रीतीने घेतला, ती रीत मला महत्त्वाची वाटते. आधी उपचार, मग विचार, मग जाणकाराचा हात, त्या क्षणी स्वतःची उपस्थिती, आणि नंतर उघड जबाबदारी.

आपला कायदाही साधारण याच वाटेने जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा विनाकारण क्रूर रीतीने जीव घेण्याला गुन्हा ठरवतो. पण जखम जीवघेणी असेल आणि जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरत असेल, तर पशुवैद्याच्या दाखल्यावरून जनावराला शांतपणे मरण देण्याची वाटही त्यात ठेवली आहे. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणासाठी २००१ साली आलेल्या नियमांत एक छोटीशी अट होती. बरा न होणारा किंवा प्राणांतिक जखमी झालेला कुत्रा पशुवैद्याने वेदनारहित रीतीने सोडवावा, पण ते दुसऱ्या कुत्र्यासमोर करू नये. नियम लिहिणाऱ्याने मरणाऱ्या कुत्र्याचा विचार केलाच, शेजारी उभ्या असलेल्या कुत्र्याच्या भीतीचाही केला. सरकारी भाषेत इतकी माया क्वचित सापडते.

याच्या अगदी उलट वागण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. कंपनी सरकारच्या मुंबईत मोकाट कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ च्या जूनमध्ये शिपाई कुत्र्यांच्या मागे घराघरांत घुसू लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार थंडावले. पुढे महापालिकेच्या काळात पकडलेल्या कुत्र्यांना बंद खोलीत विजेचा धक्का देऊन मारलं जाई. हे १९९४ पर्यंत चाललं. इतकी वर्षं मारूनही शहरातली कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही संपला नाही. गावोगाव आजही कुणी तरी रात्री विष कालवलेला घास टाकतं आणि सकाळी ओढ्याकाठी, उकिरड्यावर कुत्री ताठ होऊन पडलेली सापडतात. आठ आणे, बंद खोली आणि विषाचा घास, या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ज्यांच्या सोयीसाठी कुत्रा मरतो, ते त्याच्या मरणाच्या वेळी तिथे नसतात. म्हणून मला वाटतं, जो जीव आपल्या शब्दाने संपणार आहे त्याच्यासमोर उभं राहण्याचं बळ आपल्यात नसेल, तर तो शब्द उच्चारण्याचा हक्कही आपल्याला नाही.

पण समोर असणं पुरेसं नाही. दगडांनी कुत्रा मारणारा जमावही समोरच असतो. म्हणून आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. या मरणाने त्रास कुणाचा संपतो, त्याचा की माझा? म्हातारा झालेला, घरात घाण करणारा, रात्री विव्हळणारा कुत्रा दवाखान्यात नेऊन "सोडवा" म्हणणाऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसं असतात. काहींनी महिनोन्‌महिने त्याची शुश्रूषा केलेली असते. काहींना सुट्टीला गावी जायचं असतं. दोघांच्या तोंडी शब्द एकच असतो, त्यामागचं मन वेगळं असतं. ते मन पशुवैद्याला दिसेलच असं नाही. आपलं आपल्याला ते नक्की ठाऊक असतं.

सगळ्यांत कठीण प्रसंग पिसाळलेल्या कुत्र्याचा. तिथे प्रश्न त्या कुत्र्यापुरता राहत नाही, अंगणात खेळणारं पोर मध्ये येतं. १९२६ साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंच्या आवारातली साठेक कुत्री मारली गेली. जीवदयावाल्यांनी गांधीजींना जाब विचारला. दुसरं काय करता आलं असतं, असं गांधीजींनी विचारलं आणि 'यंग इंडिया'त त्यावर लेखांमागून लेख लिहिले. त्यांचा मुद्दा आजही बोचतो. भाकरीचा तुकडा टाकून पुण्य मिळवायचं आणि त्या जिवाची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, याला ते दया मानायला तयार नव्हते. कुत्र्यावर खरी माया असलेल्या समाजात एकही कुत्रा बेवारस असता कामा नये, असं ते म्हणत.

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ज्या बापाच्या मुलाला कुत्रा चावला आहे, त्याला प्राणिप्रेमाचं प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण मारण्याखेरीज मार्ग नाही, हेही आता खरं राहिलेलं नाही. कशेडी ओलांडून हाच रस्ता जिथे जातो, त्या गोव्याने वेगळा मार्ग दाखवला. २०१४ पासून तिथे कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर रेबीजची लस टोचली गेली, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं, संशयित कुत्र्यांवर नजर ठेवली गेली. काही वर्षांतच कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१७ नंतरची काही वर्षं माणसांचे रेबीजने होणारे मृत्यूही थांबले. मारण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी करायची कामं आपण करत नाही, आणि मग वेळ आली की ती नाइलाजाची म्हणतो. हा नाइलाज आपणच तयार केलेला असतो.

मारण्याच्या प्रश्नापाठोपाठ खाण्याचा प्रश्नही येतो. आपल्याकडे कुत्रा खाण्याच्या नुसत्या कल्पनेने शिसारी येते. नागालँडमधल्या काही समाजांत कुत्र्याचं मांस परंपरेने खाल्लं जातं. तोंडं बांधून पोत्यांत कोंबलेल्या कुत्र्यांची छायाचित्रं पसरल्यावर २०२० साली तिथल्या सरकारने त्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. २०२३ साली गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली. दूर बसून "कसली माणसं ही" म्हणणं सोपं आहे. पण आपल्याच कोकणात राखणीला कोंबडा दिला जातो, देवीला बकरा दिला जातो, आणि तो बकरा कित्येकदा घरातल्या पोरांनी पाला घालून वाढवलेला असतो. मग कुत्र्यालाच वेगळं का काढायचं? माझ्यापुरतं उत्तर असं आहे की कुत्र्याला आपण राखणीसाठी जवळ केलं. तो आपल्या भरवशावर झोपतो आणि आपण त्याच्या. तो भरवसा मोडून त्याला ताटात घेणं मला विश्वासघात वाटतो. पण हे उत्तर मला बकऱ्याच्या बाबतीत निर्दोष ठरवत नाही, हेही मी जाणतो. बकऱ्यानेही पाला देणाऱ्या हातावर भरवसा ठेवलेला असतोच. या विसंगतीवर मला तोडगा सापडलेला नाही आणि ती घाईने मिटवावी, असंही वाटत नाही. मनातली ही टोचणी जिवंत असली, तर दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवताना हात थोडा थांबतो.

भूक टोकाला गेली की काय होतं, याचीही कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात उपाशी विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो आणि ऋषीला विनवतो, हे करू नका, तुमचं तप जाईल. बराच वेळ वाद होतो. जगलो तर धर्म करता येईल, असं म्हणत विश्वामित्र मांस घेतोच. मला त्या कथेत चांडाळ अधिक मोठा दिसतो. उपाशी तोही असणारच, तरी समोरच्याच्या धर्माची काळजी तो करतो. आणि विश्वामित्रही निदान त्याच्यासमोर उभा राहून, त्याचं ऐकून, आपला निर्णय आपल्या नावावर घेतो.

हीच विश्वामित्राची गोष्ट मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात दाखला म्हणून येते. प्राणसंकटात कुत्र्याचं मांस घ्यायला गेलेल्या ऋषीला दोष लागत नाही, असं तिथे ठरतं. त्याच अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि कुत्री व गाढवं हेच त्यांचं धन असावं, असंही लिहिलेलं आहे. ऋषीच्या भुकेला सूट मिळते. ज्याच्या झोपडीत ती भूक भागते, त्याला कायमची शिक्षा. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जिथे जाळला गेला, ते महाड इथून फार लांब नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना जे पाणी मोकळं होतं, ते माणसांना नाकारलं जात होतं. कुत्र्याच्या जीवनमरणाबद्दल या भूमीत बोलायचं, तर हे विसरून चालणार नाही. जनावरावर दया करणारा समाज माणसाशी निर्दय असू शकतो, आणि तेव्हा त्याची दयाही संशयास्पद ठरते. करुणा खरी असेल तर ती निवडानिवड करत नाही. जखमी कुत्र्यापाशी थांबणारा माणूस अपघातात पडलेल्या अनोळखी माणसापाशीही थांबला पाहिजे, त्याची जात विचारण्याआधी.

म्हणून आजच्या दिवसापुरतं एवढं करू या. आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर शोधून ठेवू या. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांकही लक्षात ठेवू या. आळीतल्या ज्या कुत्र्याला आपण रोज भाकरी टाकतो, त्याला लस टोचली आहे का, याची चौकशी करू या, नसेल तर टोचून घेऊ या. आणि कधी घाटात, रस्त्याच्या कडेला एखादा जीव तडफडताना दिसलाच, तर मागून येणाऱ्यांचं भान ठेवून गाडी बाजूला घेऊ या. त्याला वाचवायचं की सोडवायचं, हे जाणकार सांगेल. त्याला एकटं टाकायचं नाही, हे ठरवायला मात्र जाणकार लागत नाही.